पोरी चांगल्या होत्या, मग हरल्या कशा?

मैदानाचे प्रश्न : वाचकांची पत्रं आणि त्यांना उत्तरं

प्रश्न : मॅडम, नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातला कास्तकार. माझी मोठी मुलगी तालुक्याच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि कॉलेजच्या बास्केटबॉल टीममध्ये खेळते. तिचा नंबर नऊ. मागच्या वर्षी त्यांची टीम विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत सेमीफायनलपर्यंत गेली होती. यंदा टीम आणखी भारी झाली. शालेय राज्य स्पर्धा खेळलेल्या दोघी नवीन आल्या, त्या सात आणि अकरा नंबर. पाच फूट नऊ इंचाची एक उंच पोरगी आली, चौदा नंबर. जुनी पाच नंबरची पोरगी तर आमच्या मैदानावर लांबून दहापैकी सहा टाकते. चौकात सगळे म्हणत होते, यंदा दोघीतिघी तरी विद्यापीठाच्या टीममध्ये निवड झाल्यावर मिळणारा कलर कोट घालूनच गावात येतात.

झालं उलटंच. सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत दोन खुल्या स्पर्धा खेळल्या, दोन्हींत पहिल्याच सामन्यात बाहेर. मग विद्यापीठाच्या स्पर्धेत क्वार्टर फायनलला हरल्या. मी कामं टाकून तिन्ही सामने पाहिले. तिन्हींत हाफ टाइमला आपणच पुढे होतो. आता कोणी म्हणते कोच बदला, कोणी म्हणते राज्यवाल्या दोघी बाकीच्यांना बॉलच देत नाहीत, कोणी म्हणते नशीब. मुलीची आई म्हणते, झालं तेवढं पुरे, आता अभ्यास कर. पावणेपाचच्या बसनं मुलगी घरी येते, ती हुकली तर मग आठचीच गाडी, म्हणून तिला जास्त थांबू देता येत नाही. तिन्ही सामन्यांच्या स्कोअरशीट आणि मैदानाचा फोटो सोबत पाठवत आहे. पोट्ट्या एवढ्या चांगल्या असून हरल्या काऊन, तेवढं सांगा.

— एका खेळाडूचे वडील

उत्तर : भाऊ, नमस्कार. तुम्ही स्कोअरशीट पाठवल्या, फार बरं केलं. पालक मला कपांचे फोटो पाठवतात, पंचांच्या तक्रारी लिहितात, पण हरलेल्या सामन्याचा कागद कोणी जपून ठेवत नाही. स्कोअरशीटची पांढरी प्रत आयोजकांकडे राहते, गुलाबी जिंकलेल्या संघाला मिळते आणि पिवळी हरलेल्या संघाला. तुमची तिन्ही पानं पिवळी आहेत, आणि तुमच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर त्यांच्यावरच लिहिलेलं आहे.

चालू गुणांच्या रकान्यात प्रत्येक बास्केटपुढे ते टाकणारीचा नंबर असतो. तिन्ही सामन्यांत पहिल्या दोन क्वार्टरचा, म्हणजे हाफ टाइमपर्यंतचा, रकाना बघा. सात, अकरा, सात, सात, अकरा, मधूनच चौदा. पोरी खरंच चांगल्या आहेत, त्यात शंका नाही. पण तिसरा क्वार्टर लागला की सात आणि अकरा हे दोन्ही आकडे कागदावरून जवळजवळ नाहीसे होतात. विद्यापीठाच्या सामन्यात त्या अख्ख्या दहा मिनिटांत तुमच्या टीमचे गुण चार. एकदा असं झालं असतं तर मीही नशिबावर सोडून दिलं असतं. तीन वेगळ्या संघांविरुद्ध, तीन वेगळ्या मैदानांवर तेच होतं, तेव्हा ते समोरच्या टीमनं हाफ टाइमला ठरवून केलेलं असतं. त्या बसल्या, पाणी प्यायल्या, आणि त्यांच्या कोचनं सांगितलं असणार : सात आणि अकरा रिंगकडे शिरतात, तर सगळ्या रिंगजवळ गोळा व्हा आणि बाकीच्यांना लांबून टाकू द्या.

लांबून टाकणारी तर तुमच्याकडे होती. तुम्हीच लिहिता की पाच नंबरची दहापैकी सहा टाकते. तीन गुणांची बास्केट झाली की गुण लिहिणारे टेबलवाले त्या खेळाडूच्या नंबरभोवती गोल करतात. तिन्ही पानांवर पाचभोवती मला एकच गोल सापडला. याचं कारण तुमच्या मैदानाच्या फोटोत आहे. रिंगखालचा रंगवलेला भाग तळाशी रुंद आणि फ्री थ्रोच्या (फाउलनंतर कोणी न अडवता टाकायच्या चेंडूच्या) रेषेकडे निमुळता होत गेलेला दिसतो. असा आकार २०१० पर्यंत होता. त्या वर्षी आंतरराष्ट्रीय नियम बदलले, तो भाग सरळ आयत झाला आणि त्याच वेळी तीन गुणांची रेषा ६.२५ मीटरवरून ६.७५ मीटरवर गेली. तुमच्या कॉलेजात दर वर्षी जुन्याच रेषांवर नवा रंग मारला गेला असणार. पोरगी वर्षभर सव्वासहा मीटरवरून टाकत होती, आणि स्पर्धेत तिला अर्धा मीटर मागून टाकावं लागलं. म्हणजे जवळजवळ एक हात. एवढ्या फरकानं चेंडू रिंगच्या पुढच्या कडेवर आपटतो. दोनदा असं झालं की पोरगी टाकायलाच धजत नाही. तिचा नेम बिघडलेला नाही, तिची रेषा चुकीची होती. हे मी एवढं लांबवून सांगते आहे, कारण त्या पोरीला सध्या रोज कोणीतरी टोचून बोलत असणार.

एक लांबून टाकणारी गप्प झाल्यानं काय होतं याचं मोठं उदाहरण अमेरिकेत आहे. तिथली कॉलेजची पुरुषांची टीम, नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठ, २०२२ च्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात कॅन्ससविरुद्ध हाफ टाइमला पंधरा गुणांनी पुढे होती आणि ७२-६९ अशी हरली. पुढच्या हंगामात पहिल्या पाचांतले चार जण परत आले. हंगाम सुरू होण्याआधीच्या क्रमवारीत त्यांना देशात पहिला नंबर मिळाला. शेवटी २० सामने जिंकले, १३ हरले, आणि ६८ संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेत त्यांना जागाच मिळाली नाही. १९८५ मध्ये ती स्पर्धा ६४ संघांची झाल्यापासून पहिल्या नंबरावरून सुरुवात केलेल्या कोणत्याही टीमवर ही वेळ आली नव्हती. पैसा, जिम, डॉक्टर, कशाचीच तिथे वाण नाही. कारणांवर तिथेही भरपूर वाद झाले. माझ्या मते सगळ्यात मोठं कारण तो गेलेला पाचवा. ब्रेडी मॅनेक उंच होता आणि लांबून टाकायचा, त्यामुळे त्याच्यामागे समोरचा एक जण बाहेर ओढला जायचा आणि आत बाकीच्यांना जागा मिळायची. तो गेला, टीमचा लांबचा नेम घसरला आणि आतली जागा आटली. चौघे तेच होते, पण त्यांचा खेळ तो राहिला नाही. तुमच्या सात आणि अकराचं तिसऱ्या क्वार्टरमध्ये हेच झालं. म्हणून त्या बॉल देत नाहीत हा आरोप मला पटत नाही. त्या देणार कोणाला? बाहेर उभी असलेली टाकायला घाबरते आहे, आणि बाकीच्या कुठे उभ्या राहतील हे त्यांना ठाऊक नाही.

ठाऊक का नाही, हा खरा प्रश्न आहे. त्यासाठी स्कोअरशीटवर खेळाडूंच्या नावापुढचा बारीक रकाना बघा. सामन्यात उतरलेल्या पोरीच्या नावापुढे फुली असते, सुरुवातीच्या पाचजणींच्या फुलीला गोल असतो. नावं बारा आहेत. फुल्या एका सामन्यात सहा, दुसऱ्यात सहा, विद्यापीठाच्या सामन्यात सात. तुमच्या लेकीच्या नावापुढे तिन्ही सामन्यांत मिळून एकच फुली आहे. तुम्ही कामं टाकून तिन्ही सामन्यांना गेलात, आणि पत्रात याबद्दल तक्रारीचा एक शब्दही नाही, हे मला फार भिडलं.

पाचसहा पोरींनी दहा-दहा मिनिटांचे चार क्वार्टर ओढायचे म्हणजे तिसऱ्यात पाय जड होणारच. पाय जागेवर पोचले नाहीत की हात पुढे जातो, आणि हात पुढे गेला की शिट्टी वाजते. चौदा नंबरच्या नावापुढचे फाउलचे चौकोन पाहा : तिसरा क्वार्टर निम्मा होईपर्यंत चार भरलेले, पाचवा चौथ्या क्वार्टरच्या सुरुवातीला. पाच झाले की बाहेर. रिंगखाली उभी राहणारी तुमची एकमेव उंच पोरगी प्रत्येक वेळी ऐन वेळी बाकावर बसलेली आहे. शिवाय एका क्वार्टरमध्ये टीमचे चार फाउल झाले की पुढच्या प्रत्येक फाउलला समोरच्यांना दोन फ्री थ्रो मिळतात. काळा भरीव ठिपका म्हणजे पडलेला फ्री थ्रो. चौथ्या क्वार्टरमध्ये समोरच्यांच्या रकान्यात ते ठिपके मुंग्यांच्या रांगेसारखे दिसतात.

मग कोचनं बाकावरच्या पाचसहा जणींना का उतरवलं नाही? तुमच्या पत्रातल्या एका ओळीमुळे मला ते कळलं : पावणेपाचची बस. सराव सुरू होतो कॉलेज सुटल्यावर, म्हणजे चार-सव्वाचारला. गावाकडच्या पोरी बूट बांधतात, दोन चकरा मारतात आणि स्टँडकडे पळतात. तालुक्याच्या गावातच राहणाऱ्या आणि होस्टेलच्या पाचसहा जणी अंधार पडेपर्यंत थांबतात. त्या पाचसहा म्हणजेच त्या फुल्या. बारा जणींनी दोन बाजू करून पाच विरुद्ध पाच असा पूर्ण सामना सरावात किती वेळा खेळला, हे लेकीला विचारा. माझा अंदाज आहे की ती बोटांवरही मोजणार नाही. असं असताना कोणताही कोच तीन गुणांनी मागे असताना नऊ नंबरला आत पाठवायला कचरतो. तिच्यात कमी आहे म्हणून नव्हे, सात नंबरला ती कुठे धावेल हे माहीत नाही म्हणून. चांगल्या खेळाडू तुमच्याकडे होत्या, टीम मात्र पावणेपाचला रोज फुटत होती. माझ्या मते यंदाचा हंगाम तिथे गेला.

कोच बदलू नका. आपल्याकडे एकच माणूस कबड्डी बघतो, व्हॉलीबॉल बघतो, अॅथलेटिक्सच्या पोरांना घेऊन जातो आणि परीक्षेत सुपरव्हिजनही करतो. मीही निवृत्त होईपर्यंत हेच केलं. अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकले तेव्हा सगळेच खेळ शिकवले गेले, पण एका माणसाला सगळे सारखे येत नाहीत. एक गोष्ट मात्र त्यांना माझ्या नावानं सांगा. दुसऱ्या हाफमध्ये तीन टाइमआउट मिळतात. तिन्ही पानांवर त्यातले दोन-दोन आडव्या रेघा मारून बंद केलेले आहेत, म्हणजे वापरलेच नाहीत. समोरच्यांनी सहा गुण सलग केले की टाइमआउट मागायचा, पोरींना श्वास घेऊ द्यायचा, दोघी बदलायच्या. याला पैसा लागत नाही.

आता पुढच्या वर्षाचं बोलू. प्राचार्यांच्या सहीनं आगार व्यवस्थापकांना पत्र द्या की तुमच्या मार्गावरची एक फेरी सहानंतर हवी. सोबत त्या मार्गावरच्या इतर विद्यार्थिनींच्याही सह्या घ्या, एकट्या बास्केटबॉलसाठी कोणी गाडी हलवणार नाही. ते होईल न होईल, तोवर रविवारी सकाळी बारा जणींना बोलवा. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, तेवढा खर्च पालकांनी उचलावा. रविवारी नुसतं रिंगमध्ये टाकत बसू नका. पाच विरुद्ध पाच खेळा, आणि सात व अकरा यांना वेगवेगळ्या बाजूंनी घ्या. बाहेर बसलेल्या दोघींनी मोठ्यानं चोवीसपर्यंत मोजायचं. स्पर्धेत चोवीस सेकंदांत रिंगवर टाकावंच लागतं, आणि तुमच्या मैदानावर तसलं घड्याळ असणं शक्य नाही. सराव संपताना, पाय दुखत असताना प्रत्येकीनं दहा फ्री थ्रो टाकायचे. तुमच्या पोरींना मिळालेल्या फ्री थ्रोपैकी निम्मेही पडलेले नाहीत, आणि विद्यापीठाचा सामना तुम्ही तीन गुणांनी हरलात. रेषा तर उद्याच मारून घ्या. रिंगच्या बरोबर मध्याखालच्या जमिनीवरच्या बिंदूपासून टेप धरायचा आणि ६.७५ मीटरवर चुन्यानं कमान काढायची.

एक गोष्ट आईशी बोला. सामन्याच्या दिवशी पोरी पहाटे चहा-टोस्टवर निघतात आणि दुपारी बारा वाजता खेळतात, हे मी वर्षानुवर्षं पाहिलं आहे. निघताना भाकरी-भाजी पोटात हवी, पिशवीत शेंगदाणे-गूळ हवा. आणि बाराही जणींचं हिमोग्लोबिन ग्रामीण रुग्णालयात तपासून घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. बाराच्या खाली आकडा असलेल्या पोरीला तिसऱ्या क्वार्टरमध्ये दम लागला तर त्याला आळस म्हणू नये. सोंगणीच्या दिवसांत दिवसभर वावरात वाकून मग मैदानावर येणाऱ्या पोरींचं तर आधी तपासा. डॉक्टर सांगतील त्या गोळ्या घ्यायच्या, मनानं नाही.

खेळ बंद करायचा का, असं तुम्ही सरळ विचारलं नाहीत, पण पत्र त्यासाठीच लिहिलं आहे असं मला वाटतं. करू नका. अभ्यासाला वेळ पाहिजे हे आईचं बरोबर आहे, परीक्षेच्या दोन महिने आधी सराव कमी करा. पण जी पोरगी तीन सामने बाकावर बसून टीमसाठी ओरडली आणि घरी येऊन कोणाला दोष दिला नाही, तिला मैदानावर उतरायची पूर्ण संधी अजून मिळालेलीच नाही. ती मिळाल्यावर ठरवा. पुढच्या हंगामातल्या स्कोअरशीट मला पाठवा. पिवळ्या असल्या तरी पाठवा.

प्रश्न : मॅडम, मी वर्धा जिल्ह्यातला, अकरावीत आहे. माझी उंची पाच फूट चार इंच. मित्र म्हणतात बास्केटबॉल सोड, खो-खो खेळ. काय करू?

उत्तर : खो-खो आवडत असेल तर जरूर खेळ, पण उंचीसाठी बास्केटबॉल सोडू नको. मग्सी बोग्स हा खेळाडू तुझ्याहून एक इंच बुटका होता, पाच फूट तीन इंच, आणि १९८७ ते २००१ असे चौदा हंगाम एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये खेळला. बुटक्या खेळाडूचा ड्रिबल, म्हणजे आपटत नेलेला चेंडू, जमिनीजवळ राहतो, तो हिसकावणं उंच माणसाला अवघड जातं. डाव्या हातानं चेंडू खेळवायला शीक, मान वर ठेवून. खाली चेंडूकडे बघत खेळलास तर उंची असूनही उपयोग नाही.

प्रश्न : आमच्या गावच्या शाळेच्या आवारात लोकवर्गणीतून बास्केटबॉलची रिंग बसवायची आहे. वेल्डिंगवाला माप मागतो. कृपया माप द्या.

उत्तर : रिंगची वरची कड जमिनीपासून ३.०५ मीटर, रिंगचा आतला व्यास ४५ सेंटिमीटर. फळा १.८० मीटर रुंद, १.०५ मीटर उंच, त्याची खालची कड जमिनीपासून २.९० मीटरवर. पूर्ण मैदान २८ बाय १५ मीटर, जागा कमी असेल तर अर्धं मैदान आणि एकच रिंग करा, काही बिघडत नाही. फळा शेवटच्या रेषेच्या १.२० मीटर आत आला पाहिजे, पण खांब मात्र रेषेच्या बाहेर किमान दोन मीटर. म्हणून वरचा आडवा हात लांब ठेवायला वेल्डिंगवाल्याला आधीच सांगा आणि खांबाचा पाया त्या वजनाच्या हिशेबानं खोल घ्या. खांब आत घेऊन पैसे वाचवू नका, धावत आलेलं पोर त्यावर आदळतं. माणसाच्या उंचीपर्यंत खांबाला जुनी गादी किंवा टायरचं रबर गुंडाळा. मुलींसाठी आणि लहान मुलांसाठी सहा नंबरचा चेंडू घ्या, मोठ्या मुलांसाठी सात नंबरचा. आणि जमिनीवर रेषा मारताना वर दिलेली ६.७५ मीटरचीच मारा.